एरंडेल लावलेलं तिसरं प्रकरण

अकोल्यात डाळमिली भरपूर, आणि हॉपर, म्हणजे धान्य ओतायचं मोठं नरसाळं, मधेच तुंबणं ही तिथली रोजची कटकट. वर माल भरलेला, खाली दाणा पडत नाही. दाणे तोंडाशी एकमेकांना रेटून कमान धरतात. ही कमान कधी धरते, कधी मोडते, हा माझ्या पीएच.डी.चा विषय.

अमरावतीच्या प्रयोगशाळेत मी लहानसं पारदर्शक हॉपर बसवलं होतं. काचेचे मणी त्यातून शहाण्यासारखे वाहत. तिसऱ्या प्रकरणासाठी मात्र तूरडाळ हवी होती, आणि ते प्रकरण विद्यापीठाच्या संशोधन समितीला पटल्याशिवाय मुदतवाढ मिळणार नव्हती. डाळ घरच्या कोठीतून काढली.

"काहून रे, डाळ कुठं नेऊन राहिला?" आई.

"प्रयोगाले."

"वापस आणजो."

मणी मी दरवेळी स्पिरिटनं पुसत असे. डाळ पुसली नाही. घरची, म्हणजे स्वच्छच.

पहिल्याच दिवशी कमान धरली. तोंड रुंद केलं, तरी धरली. पुस्तकातल्या कुठल्याच सूत्रात ही डाळ बसेना, तेव्हा चूक सूत्रांची असणार हे मी ठरवून टाकलं. डाळीची एक बाजू चपटी असते; त्या चपटेपणावर पानंच्या पानं लिहिली. एका समीकरणाला वऱ्हाडचं नाव द्यायचंही मनात होतं.

समितीच्या बैठकीआधी मार्गदर्शक सर प्रयोग बघायला आले. सर मूळचे अकोल्याचे. त्यांनी हॉपरमध्ये हात घातला, बोटं चोळली, नाकाशी नेली.

"घरची डाळ हाय का राजा?"

"हो सर."

"एरंडेल लावेल हाय हिले. कीड लागू नये म्हणून तुह्या मायनं चोळलं, अन् तू चपटेपणा शोधून राहिला!"

दर उन्हाळ्यात आई गच्चीवर डाळीला तेल चोळते. शेजारी बाटली धरून मीच बसलेला असतो.

मिलमधून कोरडी डाळ आणली. ती जुन्या सूत्राप्रमाणे निमूट वाहिली. सर म्हणाले, "लिहिलेलं फाडू नको. तेल किती असलं की कमान धरते, थे सांग. तेच तुहं प्रकरण."

आईला विचारलं.

"अंदाजानं टाकतो आमी," ती म्हणाली.

समितीला विषय पटला, मुदत मिळाली. तेव्हापासून मी ड्रॉपरनं मोजून तेल चोळतो आहे. कमान अजून धरलेली नाही. आई फोनवर एवढंच विचारते, डाळ कधी आणतो.