पायरीच्या आतली माती

घटस्थापनेचा आदला दिवस, दुपारची वेळ. जागा, आमच्या गावदेवीच्या देवळाची पहिली पायरी. मागितलेली रक्कम अकराशे रुपये, गाभारा शुद्ध करण्याचा खर्च म्हणून. हजर माणसं: देवस्थानचे प्रमुख अण्णा, गुरव, पारावरचे सात-आठ जण, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

"पैसं उद्या दे," अण्णा म्हणाले. "आदी नाक घास."

मी पुढे झाले.

"तू न्हाई. तू शिकल्याली. तुला काय वाटायचं न्हाई. म्हातारीला घासू दी."

सत्तरीच्या आत्या खाली बसल्या. दगड खडबडीत. त्यांनी नाक टेकून घासलं.

"पावडर लावत्यागत नगं, नीट घास," पारावरून कोणीतरी म्हणालं. माणसं हसली. आत्यांनी पुन्हा घासलं. मी शेजारी उभी. 

माझा गुन्हा सांगते. मी मंचरला एका भुसार दुकानात हिशेब लिहिते. पंचेचाळिसाव्या वर्षी घरून एम.ए.ला नाव घातलं. प्रकल्पाला विषय घेतला, वेगवेगळ्या धर्मांतली देवी. सुट्टीला जुन्नरला जायचे. मानमोडीच्या डोंगरात अंबा-अंबिकेची लेणी आहेत. लेणी बौद्धांची, आतली अंबिका जैनांची, आणि तिला कुंकू लावतात आमच्याकडच्या बायका. मी टेप लावून मापं घेतली. जात कोणी विचारली नाही. आमच्या शेठच्या आई जैन. त्या म्हणाल्या, "तुम्ही नारळ फोडता, आम्ही बदाम ठेवतो. तिला काय, दोन्ही चालतं." चर्चमध्ये मारियेच्या पायाशी बसले. बीबीच्या दर्ग्यात बायकांनी ओट्यावर सरकून जागा दिली.

मग मार्गदर्शक बाईंनी फोनवर विचारलं, "आणि तुमच्या गावची देवी कशी आहे हो?"

मला सांगता आलं नाही. चोवीस वर्षं या गावात नांदतेय. आमच्या वस्तीनं पायरीच्या आत जायचं नसतं; पायरीवरून दिसला तो फक्त चांदीचा मुखवटा.

आमच्या गावची एक रीत आहे. घटाची माती आमच्या वस्तीच्या बांधावरचीच लागते. आत्या दरवर्षी पाटी भरून पायरीवर ठेवतात आणि मागे सरतात. गुरव पाणी शिंपडून ती आत नेतो. त्या मातीत धान्य उगवतं, देवीसमोर. माती चालते. भरणारा हात चालत नाही.

त्या दुपारी गुरव मुखवटा उजळायला बाहेर घेऊन बसला होता. मी आत गेले. मुखवट्याखाली चेहरा नव्हताच. शेंदूर चढलेला दगड होता. बुडाशी जुन्या घटांची काळी माती. आमची. मी तिला हात लावला, आणि गुरव ओरडला.

संध्याकाळी आत्या म्हणाल्या, "दिऊन टाक बाई. अण्णानं वाट बंद केली तर जायाचं कुठनं?" आमच्या रानाला आणि विहिरीला वाट अण्णांच्या शेतातून. दुसरी नाही. मी अकराशे रुपये पाकिटात घालून ठेवले. भ्याले होते.

सकाळी आत्या नेहमीसारखी माती भरत होत्या. सोललेल्या नाकावर माशी बसत होती. हात मातीचे, म्हणून हाकलता येत नव्हती. मी त्यांच्या हातातून पाटी घेतली. पाकीट घरीच ठेवलं.

देवळापुढे अण्णा इस्त्रीच्या कपड्यांत उभे होते.

"ठेव पायरीवर. आनि पैसं?"

"अण्णा, काल आमच्या हातानं गाभारा बाटला. आजची माती त्याच हातांनी भरलीय. ती आत कशी चालते?"

"रीत हाय ती. तू शिकवू नगंस."

"मग मीच आत नेते. नाहीतर परत बांधावर टाकते."

पारावर कोणी हसलं नाही. अण्णा जवळ आले. हळूच म्हणाले, "वाट इसरलीस व्हय गं?"

मी पाटी डोक्यावर घेऊन वळले. पाठीत दगड बसेल असं घरापर्यंत वाटत राहिलं.

दुपारी आमच्या वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या. घट दुसऱ्याच मातीत बसला. मी पोलीस ठाण्यात जाऊन अण्णांविरुद्ध तक्रार दिली, माझ्या पूर्ण नावानिशी. हवालदार म्हणाले, "बाई, गावात राहायचंय ना?"

"राहायचंय. म्हणूनच आले."

वाट अजून बंद आहे. विहिरीवर ओढ्याच्या दगडगोट्यांतून कशीबशी जाते, मागे बघत बघत. भीती गेलेली नाही. ती घेऊनच जाते. प्रकल्पात गावची देवी लिहिली: चेहरा नाही, बुडाशी आमची माती. यापुढे ती माती आत जाईल तर आमच्याच हातांनी. आत्या पुन्हा त्या पायरीवर बसणार नाहीत.

देवस्थानाला अकराशे दिले नाहीत. दिले ते आत्यांच्या नाकाला लावायच्या मलमाचे पंचावन्न रुपये, मंचरच्या मेडिकलवाल्याला.