काटा कोणाच्या पायात होता

सिनेमात मी रडतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते खोटं आहे.

आमच्या वस्तीवर, माझ्याच घराच्या पडवीत, माझ्याच चहावर आणि माझ्याच लाईटबिलावर जो सिनेमा काढला गेला, त्यात एका शेतकऱ्याचा मुलगा आपल्या मित्राला निरोप देताना एसटी स्टँडवर ढसाढसा रडतो. तो मुलगा म्हणजे मी. आणि जो मित्र खिडकीतून शांत, जाणत्या नजरेनं त्याच्याकडे बघत राहतो, तो म्हणजे दिग्दर्शक. प्रत्यक्षात राहुरीच्या स्टँडवर रडला तो होता. मी रुमाल दिला होता. तो रुमालही परत आला नाही.

आम्ही दोघं कृषी महाविद्यालयात एका वर्गात होतो. तो पुण्याचा, ज्वारी आणि बाजरीतला फरक परीक्षेपुरता शिकलेला. मी मुळा धरणाच्या कालव्याकाठच्या वस्तीवरचा. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर तो आमच्याकडे राहायला आला आणि आमचं प्रेम जमलं. ते आठवडाभर टिकलं. मग आमचं भांडण झालं, कशावरून ते आज दोघांनाही धड सांगता येत नाही, आणि एका सकाळी आईला न सांगता तो पहिल्या गाडीनं निघाला. स्टँडवर मीच मोटारसायकलवरून सोडलं, तेव्हा तो रुमालाचा प्रकार झाला. घरी आलो तर आई दिवसभर गप्प होती. न सांगता गेला म्हणून तिला राग आला असेल, असं मी समजलो.

पुढं तो सिनेमे काढायला लागला. मी राहुरीत बी-बियाणांचं आणि औषधांचं दुकान टाकलं. राग कधीतरी निवला, वर्षा-दोन वर्षांनी फोन व्हायचा. मागच्या थंडीत त्याचा फोन आला की, सिनेमा करतोय, पैसे फारसे नाहीत, तुझी वस्ती मिळेल का? गोष्ट दोन मुलांची आहे म्हणाला. एक आठवड्याचं प्रेम आणि मग ताटातूट. मी विचारलं, कुणाची गोष्ट? तो म्हणाला, कुणाचीही.

त्यानं पाठवलेली संहिता मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून वाचली. मध्ये एकाला तणनाशक दिलं, एकाला कांद्याचं बी दिलं आणि परत वाचायला घेतलं. आमची विहीर होती. आमची बाज होती. आमचा वेडपट कुत्रा होता, तो तर मरूनही पाच-सहा वर्षं झाली होती. पायात बाभळीचा काटा गेलेला, तो काढताना दोघांची डोकी जवळ आलेली आणि मग पुढचं, तेही सगळं होतं. फक्त खऱ्या गोष्टीत काटा त्याच्या पायात गेला होता आणि त्यानं सारी वस्ती डोक्यावर घेतली होती. संहितेत काटा माझ्या पायात घुसवून बोंबलायचं काम माझ्याकडं दिलं होतं. त्याच्याकडं काटा काढायचं कोमल काम होतं.

तरी मी हो म्हणालो. आपल्यावर कुणी सिनेमा काढतंय म्हटल्यावर माणूस हुरळतोच, आणि मी तर दिवसभर बुरशीनाशकं विकणारा माणूस.

घोर होता तो आईचा. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझं हे तिला माहीत नाही असं मी धरून चाललो होतो. कळलं तर ती ओरडेल, रडेल, की माझ्याशी बोलणंच टाकेल? ओरडणं आणि रडणं मी निभावून नेलं असतं. बोलणं टाकलेलं मला सोसलं नसतं. सकाळचा चहा, संध्याकाळची भाकरी आणि त्या दोन्हींच्या मध्ये तिनं लावलेली टकळी, एवढाच माझा संसार होता आणि तो मला हवा होता.

लग्नाच्या बाबतीत मात्र माझं नशीब फार चांगलं होतं. नातेवाईक स्थळं आणायचे आणि आई ती स्वतःच मोडायची. एका मुलीचं गाव लांब, जामखेडच्याही पलीकडं, पोरीला माहेरी जायला दिवस जाईल म्हणाली. दुसरीचं गाव फारच जवळ, रोज उठून माहेरी जाईल म्हणाली. एक मुलगी सगळ्या बाजूंनी चांगली निघाली तेव्हा तिच्या मामाचं हसणं आईला पटलं नाही. मला बोटही हलवावं लागत नव्हतं. आई भारी चिकित्सक आहे, एवढाच अर्थ मी त्यातून काढला होता. मला हुशार म्हणून कुणी पदवी दिली, हे एक कोडंच आहे.

तर आईला आणि वस्तीला काय सांगायचं? मी सांगितलं की, सिनेमा ठिबक सिंचनावर आहे. दोन कृषी पदवीधर मित्र गावात येतात आणि शेतकऱ्यांना ठिबकचं महत्त्व पटवतात. आईनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि बरं म्हणाली.

त्या एका थापेनं मला पार मेटाकुटीला आणलं. नऊ-दहा माणसं एका टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरली आणि दुसऱ्या दिवसापासून आजूबाजूचे शेतकरी बांधावर येऊन उभे राहू लागले. सिनेमा सरकारी आहे का, यात दाखवलेल्या ठिबकला अनुदान आहे का, असं मला विचारायचे. मी पण दुकानदार माणूस, तोंडातून आपोआप माहिती निघायची. शेवटी दिग्दर्शकाला सांगून प्रत्येक शॉटमध्ये ठिबकच्या नळ्या दिसतील अशी व्यवस्था केली. जाणकारांनी पुढं त्या काळ्या नळ्यांमध्ये बराच गहन अर्थ शोधला म्हणे.

नटांबद्दलही माझी तक्रार होती. दिग्दर्शकाचं काम करणारा नट उंच, लांब केसांचा, बघत राहावा असा. माझं काम करणारा बारकुडा, चष्मेवाला. मी कधी चष्मा लावला नाही. विचारलं तर दिग्दर्शक म्हणाला, चष्म्यानं पात्र हळवं दिसतं. मी त्याला म्हटलं, मग तू लावायचास.

काट्याचा प्रसंग पडवीत घ्यायचा ठरला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी पडवीवर उघडते, म्हणून त्या दिवशी आईला घराबाहेर काढणं भाग होतं. बेलापूरला मावशी असते. तिचे गुडघे धरलेत, तिला उठता येत नाही, तू दिवसभर राहूनच ये, असं सांगून मी आईला सकाळच्या गाडीत बसवलं. मावशीचे गुडघे ठणठणीत होते. त्या गुडघ्यांची माफी मी नंतर मागितली.

दुपारी उन्हं पडवीत आली. चष्मेवाला बाजेवर बसला, लांब केसवाल्यानं त्याचं पाऊल मांडीवर घेतलं, हातात सेफ्टी पिन. आवाज टिपणाऱ्या पोरानं हात वर केला आणि सगळे गप्प झाले. आमच्या वासराला तेवढा तो हात कळला नाही, ते हंबरलं. परत पहिल्यापासून. या वेळी वासरू गप्प राहिलं. काटा निघाला, चष्मेवाल्यानं विव्हळून त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, त्यानं याची हनुवटी उचलली आणि दोघांनी एकमेकांचं चुंबन घेतलं. खरं सांगतो, तिथं आम्हीच बसलो होतो. कट म्हटल्यावर मी डोळे पुसायला वळलो, तर वासराजवळ, त्याच्या मानेवर हात ठेवून आई उभी. दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी.

मावशी कांदे खुरपायला रानात गेली होती. कुलूप बघून आई उलट्या पावली परत आली होती.

दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभा राहिला, जसा वर्गात सर आल्यावर राहायचा. आई पडवीपाशी आली. चष्मेवाल्याकडं बघितलं, लांब केसवाल्याकडं बघितलं. मग दिग्दर्शकाला म्हणाली, "काटा ह्याच्या पायात न्हवता."

तो म्हणाला, "काय, काकू?"

"काटा तुझ्या पायात हुता. आन् काढला ह्यानं," माझ्याकडं हनुवटी करून ती म्हणाली. "लई वरडला हुतास. रुईचा चीक लावला तवा कुठं गप झालास."

एवढं बोलून ती आत गेली, आणि आतून तिनं विचारलं की, जेवायला किती माणसं आहेत.

मी तिथंच उभा होतो. इतकी वर्षं जे जपलं ते तिनं सगळ्यांसमोर कांदा-लसूण आणल्यासारखं पिशवीतून काढून ठेवलं होतं, आणि आता ती भाकरीच्या पिठाला पाणी घालत होती. बोलणं टाकलंय की नाही, हे बघायला मला आत जाणं भाग होतं.

ती परातीपुढं बसली होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि जे सुचलं ते विचारलं, की तेव्हा तू कुठून बघितलंस?

"हितूनच. हितून पडवी दिसती."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं विचारलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"म्या काय बोलायचं? तुझं तू सांगशील म्हणलं," ती म्हणाली. "तर तू ठिबकावर आलास."

मला हसू फुटलं आणि हसता हसता माझा बांध फुटला. तीही पदराआड हसली. मग त्या स्थळांबद्दल विचारलं. त्यावर तिनं सांगितलं की, दुसऱ्याच्या लेकीला कशाला फसवायचं, आणि सारखं सारखं नवं कारण शोधून तिचंच डोकं दुखायला लागलं होतं. त्या मामाचं हसणं तसं काही वाईट नव्हतं म्हणाली.

त्या संध्याकाळी काट्याचा प्रसंग पुन्हा घेतला, या वेळी काटा योग्य पायात. आई खिडकीतून बघत होती. एवढी एक दुरुस्ती माझ्या बाजूनं झाली. रडण्याची झाली नाही. त्याबद्दल आईला काही माहीत नव्हतं, आणि दिग्दर्शक माझ्या एकट्याच्या साक्षीला जुमानत नव्हता.

शेवटच्या दिवशी सामान गाडीत भरून झालं. आमच्याकडं मुक्कामाला आलेला पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला खण-नारळ, आणि जोडी असली तर दोघांना शेजारी बसवून द्यायचं. आईनं मला राहुरीच्या बाजारातून टॉवेल-टोप्या आणायला लावल्या होत्या. पडवीत सतरंजी टाकली. दोन्ही नटांना म्हणाली, "जोडीनं बसा." तिच्या ताटात एक खण होता. तिनं एकदा एकाकडं, एकदा दुसऱ्याकडं बघितलं, खण बाजूला ठेवला आणि दोघांनाही कुंकू लावून टॉवेल-टोपी दिली. लांब केसांवर गांधी टोपी काही केल्या बसेना. ते दोघं खऱ्या जोडीसारखे वाकून तिच्या पाया पडले. मुंबईत गेल्यावर ते कदाचित एकमेकांचा फोनही उचलत नसतील, पण त्या वेळी ते छान दिसत होते.

मग गाडीतल्या बाकीच्यांचा आहेर झाला. सगळ्यात शेवटी दिग्दर्शक सतरंजीवर बसला. मी ताट धरून उभा होतो. आईनं ताट माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू उभा का? बस त्याच्याशेजारी."

सगळी माणसं बघत होती. माझे कान तापले. मी म्हटलं, "आई, आमचं ते कवाच संपलंय."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते तिच्यासमोर तोंडानं बोललो होतो, आणि तेही संपल्याचं.

आई आत गेली. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात दोन टॉवेल आणि दोन टोप्या होत्या, मी आणलेल्यांपैकी नव्हत्या. टॉवेल घडीवर पिवळे पडले होते. टोप्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी त्याच्याशेजारी बसलो. तिनं त्याला कुंकू लावलं, मला कुंकू लावलं, दोघांच्या मांडीवर एकेक टॉवेल-टोपी ठेवली.

"संपलं आसंल," ती म्हणाली. "ह्ये तवाच आनलं हुतं. ह्यो सकाळी न सांगता गेला म्हून द्यायचं राह्यलं."

कॅमेरा तेव्हा पेटीत होता, पेटी गाडीत होती आणि आवाज टिपणारं पोरगं वासराला चारा घालत होतं. त्यामुळं या गोष्टीचा पुरावा कुठंच नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. आधी तोच रडला. मी त्याच्यानंतर.