आरशावरचा डाग फोटोत येत नाही

अंबरनाथच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरी तेव्हा दारामागे एक बाटली असायची. तिच्यावर नाव नसायचं. आत काय आहे ते वासावरून ओळखायचं. शर्टावरची शाई, नव्या भांड्यावरच्या लेबलाचा डिंक, खिडकीच्या काचेवर उडालेला रंग, सगळ्याला तीच बाटली. मोरिवलीजवळच्या आमच्या चाळीत शेजारणी साखर मागावी तशी ती मागून न्यायच्या.

आमच्या बाटलीत ॲसिटोन होतं. वडील एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायचे. आधी साबण, मग पाणी, शेवटी ॲसिटोन. भांडं वाळलं की उजेडाकडे धरून बघायचं. डाग दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. नोकरीभर त्यांनी हेच काम केलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्याला टाळं लागलं, आणि त्यानंतर घर माझ्या मोठ्या भावाच्या कॅमेऱ्यावर चालू लागलं.

कॅमेरा जुनाच होता, उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पातल्या एका दुकानातून घेतलेला. दुकानदार सिंधी. त्याने लेन्स काढून आतला छोटा तिरका आरसा दाखवला आणि दादाला बजावलं, "साईं, इसको हाथ नहीं लगाने का. बोट नको, रुमाल नको. फुंकर पण नको, थूक उडते." दादाने मेडिकलमधून कान धुवायचा रबरी फुगा आणला. धूळ बसली की तो लेन्स काढून, कॅमेरा उलटा धरून, फुग्याने हवा मारायचा. बाकी कोणी कॅमेऱ्याजवळ जायचं नाही.

बदलापूरला मांजर्लीत एक लग्न होतं. मुलीचे वडील आमच्या बुद्धविहारातले, चार घरांत शब्दाला मान असलेले. हे काम नीट झालं असतं तर त्यांच्या ओळखीतली पुढची लग्नं दादाकडे आली असती. बिघडलं असतं तर तीही बातमी तितक्याच लवकर पोहोचली असती. घरात सगळ्यांना हे माहीत होतं.

आदल्या दिवशी दुपारी दादाने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि म्हणाला, "आत एक डाग दिसतोय."

"मग नवरीच्या तोंडावर येईल ना तो!" आई म्हणाली.

"बघतो आल्यावर," म्हणून तो फिल्मचे रोल आणायला उल्हासनगरला गेला.

आरशावरचा डाग फोटोत येत नाही, हे त्याला माहीत होतं. आम्हाला नव्हतं. लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडतो, तिथून वरच्या दुधी पडद्यावर जातो आणि तिथून डोळ्यात. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि उजेड सरळ मागे फिल्मवर पडतो. आरसा फक्त बघणाऱ्यासाठी असतो. आता फिल्मच्या जागी सेन्सर आला. त्याच्यावरचा कण प्रत्येक फोटोत दिसतो. आरशाचं मात्र तेव्हाचंच आहे.

दादा परतला तेव्हा वडील उंबऱ्याशी उजेडात बसले होते. मांडीवर कॅमेरा, बाजूला बाटली, हातात कापसाचा बोळा. त्यांनी आरसा पुसला होता आणि वरचा पडदाही.

दादाने कॅमेरा डोळ्याला लावला. मग खाली घेतला. पुन्हा लावला.

"बाबा, काय लावलंत याला?"

"काचच आहे ना ती. ॲसिटोनने डाग राहत नाही."

"वरचा पडदा काचेचा नाहीये, प्लास्टिकचा आहे. विरघळला तो."

वडिलांनी कॅमेरा मागितला आणि उजेडाकडे धरून पाहिला, कारखान्यात भांडं धरायचे तसा. पडदा पांढरा, खडबडीत झाला होता. आरशाचा चांदीसारखा थर पुढच्या बाजूला असतो. तो एका कोपऱ्यात निघून कापसावर आला होता.

"तुम्हाला सांगितलं होतं कोणी?" आई म्हणाली.

लग्नाचे दिवस होते. दादा ओळखीच्या फोटोग्राफरांकडे जाऊन आला, कोणाचाच कॅमेरा रिकामा नव्हता. मग तो लेन्स हातात घेऊन बसला. लेन्सच्या कड्यावर अंतराचे आकडे असतात. माणूस किती लांब आहे ते मोजून कडं त्या आकड्यावर आणलं, तर न बघताही फोटो स्पष्ट यायला हवा. त्याने शेजारच्या सुताराची गुंडाळायची टेप मागून आणली.

"टेपचं टोक धरायला कोण येईल?" त्याने विचारलं.

"मी येतो," वडील म्हणाले.

सकाळी आम्ही तिघं मांजर्लीला पोहोचलो. रोलची पिशवी माझ्याकडे होती. मंडळी यायच्या आत दादाने मंचासमोर खडूने अंतराच्या खुणा केल्या. नवरानवरी जिथे उभी राहणार तिथे वडिलांना उभं केलं, मोजलं आणि फ्लॅश तपासायला एक फोटो काढला. वडील टेपचं टोक हात लांब करून पुढे धरून उभे होते.

"हात छातीशी घ्या, बाबा. अंतर चुकतंय."

वडिलांनी हात जवळ घेतला. दादाने पुन्हा मोजलं, सगळ्या खुणा पुसून नव्याने केल्या.

नवरानवरी दोघं पांढऱ्या कपड्यांत होती. दुधाळलेल्या पडद्यातून पांढऱ्यावर पांढरं, काहीच कळत नव्हतं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घालायची वेळ आली. गर्दी पुढे सरकली, खुणा पायांखाली गेल्या. वडील टोक धरून गर्दीतून वाट काढत पुढे गेले.

"काय हो काका, प्लॉट पाडताय का इथे?" नवऱ्याकडचा एकजण ओरडला.

"बदलापुरात आता मंडपसुद्धा सोडत नाहीत!" दुसरा म्हणाला. बरेचजण हसले. वडील नवरीच्या खांद्याजवळ टोक धरून तसेच उभे राहिले. दादाने आकडा वाचला, मान हलवली आणि वडील वाकून बाजूला झाले.

फोटो चांगले आले. मुलीच्या वडिलांनी नावं ठेवली नाहीत. दुकानदाराने पडदा बदलून दिला. आरशाचा कोपरा काळा राहिला आणि कामं येत राहिली.

वडिलांनी बाटली गटारात ओतली. त्यानंतर ते कुठलीही वस्तू पुसण्याआधी विचारायचे. रेडिओ पुसू का? खिडकी पुसू का? एकदा स्वतःचा चष्मा हातात घेऊन त्यांनी आईला विचारलं, "कशाने पुसू?" दादा म्हणायचा, "बाबा, पुसा हो काहीही." पण ते विचारायचे.

काही वर्षांनी ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा होता. लग्नं टिपणाऱ्याच्या घरात वडिलांचा धड एक फोटो निघाला नाही. फिल्म गिऱ्हाइकांसाठी असायची. शेवटी दादाने मांजर्लीच्या लग्नाच्या निगेटिव्ह काढल्या. पहिल्याच चौकटीत वडील होते, हात लांब केलेले. अंतर टोकापर्यंतचं मोजलेलं असल्यामुळे टेपचं टोक आणि ते धरणारी बोटं अगदी स्पष्ट आली होती, नखांसकट. चेहरा त्यामागे थोडा पुसट होता.

दादाने नुसता चेहरा मोठा करून पाहिला. तो आणखी पुसट झाला. त्यामुळे फोटो हातासकट, टेपसकट घरातल्या भिंतीवर लावला.

तो अजून तिथेच आहे. नवे शेजारी आले की फोटोकडे बघून विचारतात, "सुतारकाम करायचे का?"

"नाही," आई सांगते, "काचेची भांडी धुवायचे. डाग राहू द्यायचे नाहीत."