गिरणी बंद असताना

मी मुळातच संशयी. दूधवाल्याचं माप रोज डोळ्यांत तेल घालून बघते, भाजीवाल्याने पिशवीत खालून काय सरकवलं तेही बघते. नवरा म्हणतो, तू स्वतः टाकलेलं मीठसुद्धा दोनदा चाखतेस. त्यामुळे गावाकडे, बेलापूरला राहणाऱ्या मावसभावाने त्याच्या जुन्या गाण्याचा नवा रिमिक्स पाठवून विचारलं, "ताई, ऐक आन् सांग, सोडू का?" तेव्हा मी कान टवकारूनच बसले.

गाणं त्याचं, पण आवाज माझा. गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन व्हायच्या आधी मी त्याच्यासाठी काही ओळी गायले होते. ऑपरेशननंतर बोलता येतं, वरचे सूर मात्र लागत नाहीत. आता सावेडीत घरी पेटी शिकवते आणि गाऊन दाखवायची वेळ आली की बोटांनीच दाखवते. मी नाही म्हटलं असतं, तर त्याने रिमिक्स बाहेर काढला नसता.

दुपारी हेडफोन लावला. रिमिक्स ट्रान्सचा होता, आणि मशीनवर रचलेल्या या संगीतात घाई नसते. आधी नुसता ठोका, मग त्याखाली बेस, मग सूर एकेक करून चढत जातात, आणि मध्यावर ठोका थांबून गाणारीचा आवाज एकटा उरतो. ठोका चांगला होता, हे कबूल करते. बेस गोल होता, कुठे फाटत नव्हता. पूर्वी हा पोरगा मिनिटा-मिनिटाला काहीतरी नवं ओतायचा, ती खोड गेली होती. पण मधला आवाज आला आणि मी हेडफोन काढून मोबाईलकडेच बघत राहिले.

ती बाई वरचा सा लावून उभी होती. हलत नव्हती, दमत नव्हती, दोन ओळींच्या मध्ये श्वाससुद्धा घेत नव्हती. शिवाय जुन्या गाण्यात ही जागाच नव्हती. हल्ली मशीन कुणाच्याही आवाजात गाऊन देतं, माझे विद्यार्थीच मला करून दाखवतात. माझं डोकं तडकलं. माझा आवाज गेला म्हणून याने परस्पर दुसरा बनवून आणला, आणि वर साळसूदपणे मलाच विचारतो, सोडू का?

झोपलेल्या नवऱ्याला उठवून ऐकवलं. "तूच की," म्हणाला आणि कूस बदलली. त्याच्यावर माझा विश्वास नव्हता. ऑपरेशनपासून माझ्या गाण्याबद्दल तो जरा जास्तच गोड बोलतो.

भावाला फोन लावला. "खरं सांग, मशीनचा आहे ना हा आवाज?"

"न्हाई गं ताई, तूच गायलीस. श्वास तेवढे मी कापले. अन् ती वरची जागा तवा गाण्यात बसली न्हवती, म्हणून ठिवून दिली हुती."

"मला आठवत नाही आणि तुला बरं आठवतं! आवाज तरी केवढा पुढे घेतलास. ठोक्याच्या मागे ढकल तो. आणि माझं नाव अजिबात टाकू नकोस."

"लई डोकं खाती राव तू. मूळ रेकॉर्डिंगच धाडतो, ऐक."

ते रेकॉर्डिंग कसं करायचो, हे मात्र मला पक्कं आठवत होतं. मावशीच्या घराला लागूनच पिठाची गिरणी. ती चालू असली की भिंतसुद्धा थरथरते. म्हणून आम्ही भारनियमनाची वेळ धरायचो. लाईट गेली की गिरणी बंद, मोटारी बंद, पंखाही बंद. लॅपटॉप बॅटरीवर, चारी बाजूंना दोरीवर टाकलेल्या गोधड्या, आणि मध्ये मी घामाने निथळत उभी. अख्खं गाव लाईट कधी येते म्हणून बसलेलं असायचं आणि आम्ही दोघं ती एवढ्यात येऊ नये म्हणून.

फाईल आली. मी चोरी पकडायला बसले होते. आधी भावाचा आवाज, "हां ताई, घे." मग श्वास, नाकातून जोरात ओढलेला. असा श्वास घेतला की मी विद्यार्थ्यांवर ओरडते. आणि मग तो सूर. चढला, पोचला, तिथेच राहिला. सूर अजून सुटायचा होता तोच मागे गिरणी घरघरायला लागली.

"आली गं बाई लाईट!" मावशी ओरडली.

सूर तुटला आणि मी हसायला लागले. "घालवलीस ना मावशी!" म्हणत कितीतरी वेळ हसत होते.

ते हसणं मी लगेच ओळखलं. सूर ओळखला नव्हता. आवाज गेला तेव्हा मी मनाची समजूत घातली होती, की गेला तर गेला, कसा होता ते तरी मला माहीत आहे. तेही माहीत नव्हतं. मला रडू फुटलं, आणि नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर ओढणी दाबून धरली.

संध्याकाळी भावाला फोन केला. "सोड," म्हटलं.

"मंग आवाज मागं ढकलू? अन् नाव न्हाई टाकायचं ना?"

"आवाज आहे तिथेच राहू दे. नाव टाक," मी म्हटलं. "आणि माझे श्वास परत घाल."