बकेटवर तोललेला ट्रॅक्टर

आमच्या कैनाडच्या चिकूवाडीत काही खोदायचं असलं की सरावलीचा एक ट्रॅक्टरवाला येतो. त्याच्या ट्रॅक्टरला मागे खोदायचा लांब हात जोडलेला आहे, त्याच्या टोकाला माती उपसायची लोखंडी बकेट. कामाआधी तो ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारतो, मागचे दोन्ही लोखंडी पाय जमिनीवर घट्ट टेकवतो आणि माझ्या वडिलांनाही हाकलतो, "लांब राहा, काका! याच्या हाताला डोळे नाहीत."

गेल्या महिन्यात शेततळं खोदताना कडेची माती ढासळली. एक पाय खचला आणि ट्रॅक्टर खड्ड्याकडे कलला.

"उडी मार!" वडील ओरडले.

तो सीटवरून हललाच नाही. त्याने बकेट खड्ड्याच्या तळाशी टेकवली आणि हळूहळू दाबली. ट्रॅक्टर तिच्यावर तोलून थांबला! मग इंचाइंचाने सरळ झाला.

आम्ही टाळ्या वाजवत धावलो, तर तो भडकला. "मागे व्हा आधी! कड कच्ची आहे. उडी मारली असती तर हा माझ्यावर आला असता, आता तुमच्यावर येईल!"

आम्ही जागीच थिजलो. त्याने ट्रॅक्टर सावकाश पक्क्या जमिनीवर नेला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून हसला.

"हां, आता वाजवा."