उपरण्याखालचा कॉम्प्युटर

आमच्या धाकट्या भाऊजींइतका सरळ माणूस जुन्नर-आंबेगाव दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाही, आणि इतका वैताग आणणाराही नाही. माझे हे दीर दूध संघात खरेदीचं काम बघायचे. कुठलीही वस्तू तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय घ्यायची नाही, ही ऑफिसातली सवय त्यांच्यामागून घरी आली ती आलीच. ओझरला गणपतीला गेलो तर नारळासाठी तीन दुकानं पालथी. "भाऊजी, आरती सुरू झाली की हो!" "वहिनी, देवाला कुठं घाई हाय?" आम्ही आत पोचलो तेव्हा लोक प्रसाद खात बाहेर निघाले होते.

दोन हजार साल उलटलं आणि संघात कॉम्प्युटर आला. पेंड, कॅन, काय काय पुरवणाऱ्यांनी आपला भाव स्वतः त्यात भरायचा. ठरल्या वेळी बटण दाबलं की भाव, मालाचा दर्जा, वेळेवर पोच, सगळ्याचे गुण मांडून तो नंबर लावायचा. पण व्यापाऱ्यांचा विश्वास बसेना. "पडद्यावर समद्यांना दिसतंय की राव!" मग भाऊजींनी काय करावं? बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा भाव उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो ना, तसं आपल्या खांद्यावरचं उपरणं कॉम्प्युटरवर टाकलं. एकेकानं डोकं आत घालायचं, भाव भरायचा, बाहेर यायचं. तोवर भाऊजी भिंतीकडं तोंड करून उभे. बघणाऱ्याला हसू आवरत नसे, पण लोकांना पटलं बाई.

पेंडीचं काम वर्षानुवर्षं माझ्या थोरल्या भावाकडं, अवसरीच्या दादाकडं. त्या साली मी भाऊजींच्या ताटात जास्तीची पुरणपोळी वाढली आणि हळूच म्हटलं, "आमच्या दादाचं तेवढं बघा." पोळी सगळी खाल्ली, वर तूप मागितलं, आणि म्हणाले, "वहिनी, त्या उपरण्याखाली माझा हातच नसतो."

दादा तिसरा आला. त्याच्या गाड्या उशिरा यायच्या, ते कॉम्प्युटर कसा विसरेल? भाऊबीजेला दादा आमच्याकडं फिरकला नाही. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं. मी भाऊजींशी आठ दिवस अबोला धरला. बिचारे स्वतः चहा करायचे, आणि एक कप माझ्यापुढं मुकाट्यानं ठेवायचे.

दादाही कमी नाही. वर्षभर दुसऱ्या डेअऱ्यांना पेंड दिली, पण बोलल्या दिवशी गाडी दारात! पुढच्या दिवाळीआधी पोचपावत्यांचा गठ्ठा घेऊन संघात गेला, डोकं उपरण्यात घातलं, आणि यादी लागली तसा तडक आमच्याकडं. "पावणं, वशिल्यानं न्हाई, पयला आलोय!" भाऊजी उगीचच चष्मा पुसत बसले. मी मात्र भाऊबीजेची वाट न बघता दादाला ओवाळता ओवाळता साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या भाऊजींच्या कॉम्प्युटरनं निवडलाय हो!"

आता भाव घरबसल्या भरतात म्हणे, ऑफिसात कुणी येत नाही. भाऊजी निवृत्त झाले, उपरणंही त्यांच्याबरोबर घरी आलं. दादा आला की दोघं म्हातारे ओट्यावर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि नसलेल्या बैलाचा भाव ठरवत राहतात. कितीला ठरला ते मला सांगत नाहीत. मीही विचारत नाही. चहा ठेवते, आणि सौदा इतक्यात मिटू नये, एवढंच मनात येतं.