अब्बांचा खरकटा डबा

माझे अब्बा तराजू दुरुस्त करतात. गल्लीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे ‘काटेवाले’च म्हणतात. दुकान एवढंसं. आत एक बाक, भिंतीला टांगलेली पारडी, लाकडी पेटीत ओळीने बसवलेली पितळी वजनं आणि हाताशी पाण्याचं मडकं. त्या वजनांना हात लावायचा तर आधी बोटं पुसावी लागतात, कारण बोटांच्या घामानेही वजन वाढतं, असं अब्बांचं म्हणणं. लहानपणी मला हे थोतांड वाटायचं. अजूनही थोडं वाटतं, पण मी बोटं पुसते.

एखादा दुकानदार हळूच म्हणायचा, “काटेवाले, माझ्या बाजूने जरासा झुकू दे की.” अब्बा त्याचा तराजू उचलून त्याच्याच हातात द्यायचे आणि पुढच्याचा घ्यायचे.

बाराव्या वर्षापासून अब्बांनी एकही रोजा चुकवला नव्हता. एकोणपन्नास रमजान. पहाटे खाऊन घ्यायचं, मग सूर्य मावळेपर्यंत अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. अब्बा आम्हा भावंडांना त्याच्या पुढचं सांगायचे. “पोटाचं काय, ते दटावलं की गप्प बसतं. खरा रोजा जिभेचा. खोटं बोललात, कोणाच्या पाठीमागे त्याची निंदा केलीत, तर नुसतेच उपाशी राहिलात असं समजा.” मी त्या वयात दिवसाला चार थापा सहज मारायची. माझे बरेच रोजे नुसत्या उपाशीपणातच गेले असणार.

आणखी एक गोष्ट ते दर वर्षी सांगायचे. “नमाज लोकांना दिसते, दान दिसतं. रोजा कोणाला दिसतो? दुकानात मी एकटा, मडकं हाताशी. एक पेला प्यायलो तर कळणार कोणाला? त्याला आणि मला. म्हणून हा फक्त आमच्या दोघांतला मामला.” हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. त्या ताठ मानेचा मला भारी अभिमान होता.

मग अब्बांना शुगर निघाली आणि वाढत वाढत दिवसाला दोन इंजेक्शनांवर गेली. गेल्या रमजानच्या तोंडावर डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, “काका, उपाशी राहिलात तर साखर एकदम उतरेल आणि कुठेतरी पडाल. परत उठाल याची खात्री मी देणार नाही.” अब्बा ‘हो’ म्हणाले. इमामसाहेबांनीही तेच सांगितलं. हा आजार बरा होणारा नाही, तेव्हा रोजा धरायचा नाही. त्याच्या बदल्यात रोज एका गरजूला पोटभर जेवू घालायचं. अब्बा त्यांनाही ‘हो’ म्हणाले, गरजूचं मी बघतो म्हणाले. अम्मीचा जीव भांड्यात पडला. लागोपाठ दोन माणसांना अब्बा इतक्या पटकन हो म्हणतात, इथेच खरं तर मला संशय यायला हवा होता.

अम्मीचा स्वतःचा रोजा असायचा, तरी ती रोज सकाळी अब्बांचा डबा करायची. संध्याकाळी डबा रिकामा परत यायचा. नवव्या दिवशी ती तो हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“हा बघ.”

“काय बघू? रिकामा तर आहे.”

“धुतलेला आहे.”

छत्तीस वर्षांच्या संसारात अब्बांनी डबा कधी विसळूनसुद्धा आणला नव्हता. कडेला वाळलेली डाळ, झाकणाला चिकटलेली शितं आणि त्यावर अम्मीची कटकट हे आमच्या घरात रोजचंच. पाहुण्यांनाही ती पाठ झाली होती.

“पहिल्या दिवसापासून असाच येतोय,” अम्मी म्हणाली. “मला वाटलं, रमजानमुळे माणूस सुधारला. पण तुझे अब्बा आणि डबा घासणार?”

माझी शाळेची नोकरी सकाळची. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर मी थेट दुकान गाठलं. पायरीवर आमच्या गल्लीची झाडूवाली मावशी बसली होती आणि तिच्या मांडीवर आमचा डबा होता.

“ये गं,” ती म्हणाली. “तुझे अब्बा रोज मलाच देतात. म्हणतात, पोट भरलंय. मी आपली चांगला घासून परत देते. दुसऱ्याचं भांडं खरकटं कसं द्यायचं?”

आत अब्बा एका वाण्याच्या तराजूवर वाकले होते. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात थरथरत होते. चिमट्यातलं पन्नास ग्रॅमचं वजन निसटलं आणि गडगडत बाकाखाली गेलं. त्यांच्या हातून वजन पडलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते उचलायलाही वाकले नाहीत.

“अब्बा, जेवलात?”

“जेवलो.”

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. “रोजा धरून खोटं बोललात,” मी म्हणाले. म्हणून तर गेले. अब्बांशी असं कोणी बोलत नाही.

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

“म्हटलं, दोन्ही पारडी भरू,” ते बोलले. “रोजाही धरतो आणि मावशीचं जेवणही देतो. जास्तच दिलं तर त्याची काय तक्रार असणार?”

“ज्याने रोजा सांगितला, त्यानेच आजाऱ्याला सूट दिली. ती परत करणारे तुम्ही कोण?”

“तुला बोलायला काय जातं? एकोणपन्नास वर्षं झाली गं. येणारा जाणारा विचारतो, काटेवाले, कसे चाललेत रोजे? त्यांना काय सांगू?”

हे बोलले आणि तिथेच थांबले. स्वतःचं वाक्य स्वतःच्याच कानांनी ऐकल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

“म्हणजे मी लोकांसाठी धरत होतो,” ते हळू आवाजात म्हणाले. “पेला भर. चहाची साखर आहे तिथे, ती घाल.”

मी साखर ढवळली आणि आधी शटर ओढायला गेले. भर दुपारची वेळ, रस्ता वाहता, समोरचा घड्याळवाला स्वतः रोज्यात, आणि त्याचं तोंड आमच्याच दुकानाकडे.

“राहू दे उघडं,” अब्बा म्हणाले.

ते बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसले, बिस्मिल्ला म्हणाले आणि प्यायले. हात इतका कापत होता की अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. घड्याळवाल्याने बघितलं आणि मान खाली घातली. अब्बांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. भर उन्हाळ्यातले लांबलचक रोजे मी त्यांना हसत हसत धरताना पाहिलंय. त्यांतला एकही या एका पेल्याएवढा जड गेला नसेल. माझ्या बापाचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

अर्ध्या तासाने चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी बोटं पुसली, वाकून वजन उचललं आणि वाण्याचा तराजू पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतला. संध्याकाळपर्यंत त्यांनी दहा दिवसांतल्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले, की हात थरथरत होता, तराजू परत आणा, पुन्हा तपासून देतो. कोणी कारण विचारलं तर सांगायचे, “यंदा मला रोजा नाही. सूट आहे.” पहिल्या दोघा-तिघांना सांगताना आवाज अडखळला. नंतर नाही.

दुसऱ्या दिवसापासून अम्मी दोन डबे भरू लागली. एक मावशीचा, एक अब्बांचा. दुपारी दोघं पायरीवर बसून जेवायची. संध्याकाळी, रोजा सोडायला थोडाच वेळ उरलेला असताना, दोन्ही डबे घरी आले. एक लख्ख घासलेला. दुसऱ्याच्या कडेला डाळ वाळलेली, झाकणाला शितं चिकटलेली.

अम्मीने तो खरकटा डबा उघडला आणि कितीतरी वेळ त्यात बघत राहिली. मग ओढणीने डोळे पुसले, नळापाशी बसली आणि छत्तीस वर्षांची कटकट पहिल्यापासून सुरू केली.